मागे उभं राहून

पितृपक्षात नवा चष्मा कुणी करत नाही.
पंधरा दिवस सुभाष चौकातल्या माझ्या दुकानात
सैल स्क्रू येतात फक्त, आणि नाकावर रुतणारे पॅड.
म्हणून यंदा काउंटरवर पुष्करचं खोकं उघडलं.

जूनमध्ये कोट्याला जाताना म्हणाला होता,
मावशी, टाकू नकोस, नुसते कान हलत नाहीयेत त्याचे.
कान म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या.
पुस्तिकेत त्यांना एलेरॉन म्हटलंय.
पुस्तिका दोनदा वाचली, बाजूला ठेवली,
आणि बोटानं बघितलं.

उजवी पट्टी ताठ.
फेविक्विकचा थेंब फटीत उतरून काच झालेला.
परीक्षेआधीच्या रविवारी चिकटवलं असणार,
मागे दाराशी आई उभी.
ब्लेडनं सांधा कापला. बाल्साचा भुगा
चहाच्या सायीवर पडला. चहा तसाच प्यायले.

नवे बिजागर कशाचे?
खणात एक्स-रे सापडला, त्याचाच, चौथीतला.
सायकलवरून पडला तेव्हा एमवायला मीच नेलं होतं.
फिल्मच्या नखाएवढ्या चार पट्ट्या कापल्या,
मनगटाची बारीक हाडं चौघींत वाटली गेली.
आता ती उजव्या पंखात आहेत.
त्याला सांगणार नाही.

फट किती ठेवायची हे मात्र हाताला ठाऊक होतं.
जास्त झाली तर वारा आरपार, फडफड सुरू;
कमी झाली तर कड कडेला घासते.
दोन्ही कडा पॉलिश पेपरनं तिरप्या केल्या
आणि मधून बिलबुकाचं एक पान सरकवून पाहिलं.
गेलं.
अडखळत, पण गेलं.

शेपटी सोपी निघाली.
आडवा एलिव्हेटर डावीकडे तांदळाच्या दाण्याएवढा खाली.
असे चेहरे रोज येतात माझ्याकडे,
एक कान वर, एक कान खाली,
आणि म्हणतात, मॅडम, फ्रेमच वाकडी दिलीत तुम्ही.
इथे खरंच तार वाकडी होती.
दोन चिमटे, एक हलका पीळ,
एक डोळा मिटून कडेनं पाहिलं: सरळ रेघ.

चूक झाली ती शेवटी, आणि माझी.
सर्व्होला सळी जोडली, बॅटरी लावली,
विमान समोर ठेवलं, नाक माझ्याकडे.
रिमोटची काडी डावीकडे लोटली,
रडर डावीकडे वळला. छान, म्हटलं,
आणि शटर ओढलं.

कुलूप लावताना हात थांबला.
एकतीस वर्षं माणसांना समोरून बघतेय,
त्यांचा उजवा डोळा म्हणजे माझा डावा हात,
कार्डावर लिहिताना तो आपोआप उलटतो.
इथे उलटायचं राहूनच गेलं.
विमानाला समोरून बघायचंच नसतं.
त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं,
ते तोंड करील तिकडे आपलं तोंड.
शटर पुन्हा अर्धं वर केलं, वाकून आत गेले,
सळी काढून पलीकडच्या भोकात घातली.

सर्वपित्रीच्या संध्याकाळी त्याचा फोन आला.
जेवले का वगैरे नाही,
हलतंय का, एवढंच.
मी फोन पंखाशी धरला आणि काडी फिरवली,
डावी, उजवी, मध्ये.
तिकडे हॉस्टेलात कुणीतरी बादली आपटली.
मग म्हणाला, मध्ये आणल्यावरही गुणगुणतंय.
उजवा. सळी ताणून बसलीय, मावशी.
एक आटा सैल कर.

मी कान लावला. मला काही ऐकू येईना.
तरी बारीक चिमट्यानं सळी धरली,
एक आटा सैल केला,
आणि फोन पुन्हा पंखाशी नेत विचारलं,
आता?